एक लिटर समुद्र

शेलूबाजारच्या फाट्यावर मुंबईच्या ट्रॅव्हल्समधून प्रयागबाई उतरली, तेव्हा तिला आधी हार दिसला आणि मग हारामागं नवरा दिसला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पुंजाजीनं शेलूबाजारातून तिच्यासाठी आणलेल्या वस्तू म्हणजे दोन विळे, एक मच्छरदाणी आणि एकदा चपला, त्याही एक नंबर मोठ्या. त्यामुळं हार म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तिनं गाडीच्या पायरीवरूनच ओळखलं.

"अवो, हे काय?"

"गप राह्य. हात जोड. लोक पाहून राह्यले."

लोक खरंच पाहत होते. मागं जीप उभी होती, जीपला केळीचे खुंट बांधले होते, आणि पुढं दोघं डफडंवाले काडीकचरा पेटवून डफडी शेकत बसले होते. जीपच्या काचेवर कागद चिकटवला होता: 'सात समुद्रापारची गंगा करून आलेल्या सौ. प्रयागबाई यांचे स्वागत'.

प्रयागबाईनं हात जोडले. दुसरं काय करणार?

आता यात पुंजाजीची चूक होती, पण ती समजून घेण्यासारखी चूक होती. हरीओम म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. मॉरिशसला नोकरीला लागून त्याला चार वर्षं झाली. सुनेला, निकिताला, दिवस गेले तसं त्यानं दोघांनाही बोलावलं. पुंजाजी म्हणाला, हरभरा कोण पाहीन? त्याआधी तो म्हणाला होता तूर कोण पाहीन, आणि त्याआधी सोयाबीन. पुंजाजीला बारा महिने कुणीतरी पाहायला लागतच होतं. शेवटी दिवाळीनंतर प्रयागबाई एकटी विमानात बसली, आणि गावात, इंझोरीच्या पारावर, लोकांनी पुंजाजीला धरलं. "बुढी उडाली अन् बुढा चुलीपाशी!" रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "काय पुंजाजी, भाकर फुगली का आज?"

आठ दिवस त्यानं सोसलं. नवव्या दिवशी तो पारावर उभा राहून म्हणाला, "थे काही फिराले नाई गेली. तठी गंगा हाये. शंकराचा ताडाएवढा पुतळा हाये. यात्रेले गेली थे."

तिथं गंगा म्हणून पुजलं जाणारं तळं आहे, पुतळाही आहे, त्यात खोटं काही नव्हतं. पण यात्रा म्हटल्यावर लोक गप्प झाले, हे पुंजाजीला फार आवडलं, आणि मग ती यात्रा वाढत गेली. पहिल्या महिन्यात प्रयागबाई रोज दर्शन घेत होती, दुसऱ्या महिन्यात एक वेळ जेवत होती, तिसऱ्या महिन्यात तिनं पांढरं लुगडं धरलं होतं. फोनही तो पारावरूनच करायचा, आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवून. "झालं का दर्शन?" हा पहिला प्रश्न. मागं वीस कान. प्रयागबाई म्हणायची, "झालं." आता वाळूवर बसून हातात अननसाची मीठ-मिरची लावलेली फोड धरून माणूस दुसरं काय बोलणार?

त्यामुळं चार महिन्यांत तिला त्याला एक गोष्ट सांगता आली नव्हती. गोष्ट तीनच शब्दांची होती. विमानात तिनं ती दहादा मनात म्हणून पाहिली. मले तरंगता येते.

हे तीन शब्द का मोठे, ते सांगायला हवं. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात ती वावरात भाकर घेऊन गेली, तर नवरा विहिरीच्या काठावर उभा. तिला पाहिलं आणि त्यानं धाडकन उडी घेतली. ती किंचाळली. तो खाली पाण्यावर उताणा पडून हसत होता. पुढं हरीओमलाही त्यानं कमरेला भोपळा बांधून तिथंच पोहायला शिकवलं. प्रयागबाई मात्र कायम काठावर, हातात फडकं. बाईनं विहिरीत उतरायचं ते पाणी काढायला, नाहीतर जीव द्यायला. तिसरं कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगितलं योगिनीनं. योगिनी हरीओमच्या शेजारी राहणारी, सहासष्ट वर्षांची, निवृत्त मास्तरीण. तिचे खापरपणजोबा कोकणातून उसाच्या कामाला तिथं गेलेले. फ्रॉक घालायची आणि मराठी बोलायची, तेही असं की जणू पेटीत घडी घालून ठेवलेलं लुगडं कुणी शंभर वर्षांनी बाहेर काढलंय. रविवारी हरीओम-निकिता बाळापाशी असत, म्हणून प्रयागबाईला सुट्टी. योगिनी दारात येऊन म्हणायची, "चला बहिणी, आमुचे बेट पाहू."

आणि प्रयागबाईनं बेट पाहिलं. परातीएवढी पानं असलेली कमळं पाहिली, आणि यांच्यावर पापड वाळवता येतील, असं तिच्या मनात आलं. सात रंगांची माती पाहिली, तिकीट काढून. इंझोरीची बाई तिकीट काढून माती पाहते म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं. एका मोठ्या इमारतीत डोडो नावाच्या पक्ष्याचा सांगाडा पाहिला. बाहेरून आलेल्या लोकांनी तो सगळाच्या सगळा संपवला, आणि आता त्याच्याच बाहुल्या करून दुकानात विकतात. "आमच्याकडंबी माणूस मेल्यावरच फोटोले हार घालतेत," ती योगिनीला म्हणाली. महाशिवरात्रीला लोक खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन चालत निघाले, तेव्हा दोघी त्यांच्यासोबत सहा कोस चालल्या. तळ्याचं पाणी तिनं एका छोट्या बाटलीत भरून घेतलं, वर लाल दोरा बांधला.

आणि एका संध्याकाळी समुद्रकाठी तिथल्या लोकांचा सेगा नावाचा नाच पाहिला. त्यांचं एक मोठं गोल वाद्य असतं, बकऱ्याच्या कातड्याचं. वाजवायच्या आधी ते जाळावर शेकतात. प्रयागबाई उठूनच उभी राहिली. "अवं योगिनी, हे तं आमचं डफडं!" नाचात पाय वाळूवरून उचलायचेच नाहीत, नुसते घासत न्यायचे, आणि कंबर हलवायची. गुडघे दुखणाऱ्या बायकांनीच हा नाच काढला असणार, याची तिला खात्री पटली. तिसऱ्या गाण्याला ती आत होती.

तरंगणं त्याच किनाऱ्यावर झालं. योगिनीनं तिच्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "काही करू नका, बहिणी. काहीच नाही." काहीच न करणं प्रयागबाईला अठ्ठावन्न वर्षांत जमलं नव्हतं. पाचव्या रविवारी जमलं. पाण्यानं तिला उचललं, कान पाण्याखाली गेले, जगाचा आवाज बंद झाला, आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे की, हे पुंजाजीनं पाहायला पाहिजे.

म्हणून येताना तिनं एक लिटरची बाटली भरून समुद्र आणला. कारण पुंजाजीचा समुद्राच्या खारटपणावर विश्वास नव्हता. "एवढ्या पाण्यात मीठ कोन टाकीन?" तो म्हणायचा. "थोडंबहुत असन. लोक वाढवून सांगतेत." ठरलं असं होतं की घरी गेल्यावर, दोघंच असताना, त्याला घोटभर चाखवायचं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं की ते तीन शब्द सांगायचे.

पण घरी दोघंच नव्हते. घरी मांडव होता.

मावंदं म्हणजे काशीहून आलेल्या माणसानं गावाला घालायचं जेवण. पुंजाजीनं दोनशे माणसं सांगितली होती. अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होते, कढईत वांगी रटरटत होती, आणि पाटापाशी भागिरथाबाई उभी होती. ही पुंजाजीची थोरली बहीण. तिला बीपी, डॉक्टरनं दोन वर्षांपासून मीठ बंद केलेलं, आणि तेव्हापासून तिचा जगावरचा राग रोज थोडा थोडा वाढत चालला होता.

"बस पाटावर. डोये मीट," भागिरथाबाई म्हणाली.

"अक्काजी, पहिले बॅग तं ठेवू द्या."

"बॅग पुंजाजी ठेवीन. तू आता हातानं काही उचलाचं नाई. पाच दिवस."

प्रयागबाई पाटावर बसली. माणसं पाया पडायला आणि पांढऱ्या लुगड्याचं, एक वेळच्या जेवणाचं विचारायला लागली. ज्या बायकांशी तिनं नळावर भांडणं केली होती, त्याही पडल्या, आणि ते तिला मनातून वाईट वाटलं असं काही म्हणता येणार नाही. शेजारची सुलतानबी मात्र पाया न पडता समोर उकिडवी बसली. ती बांगड्या भरायची, त्यामुळं गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिला डोळे मिटून ओळखू यायचा.

"काहून वं प्रयाग," तिनं मनगट पकडून हळूच विचारलं, "यात्रेत माणूस इतकं काळं पडते? अन् बांगड्यायच्या खाली गोरं?"

"ऊन लय हाये तठी."

"देवळात?"

"देऊळ उघडं हाये," प्रयागबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले, आणि तिथंच घोळ झाला. पुंजाजी आत जाऊन बॅग उघडत होता. आत त्याला दोन बाटल्या दिसल्या: एक वीतभर, लाल दोरा बांधलेली, आणि एक लिटरची. दोनशे माणसं. पुंजाजी हिशेबी माणूस. बायको इतकी काही बिनडोक नाही, त्यानं विचार केला, की गावजेवणाला वीतभर बाटली आणीन. छोटीत तिचं औषध-बिवषध असन. त्यानं मोठी बाटली तांब्याच्या गडव्यात उपडी केली. साधं पाणीसुद्धा मिसळलं नाही. गंगेत पाणी मिसळणारा माणूस नरकात जातो, असं त्याचं मत होतं.

पळी-पळीनं तीर्थ वाटणं सुरू झालं. पुंजाजी स्वतः वाटत होता.

पहिल्यानं घेतलं, डोळे गच्च मिटले, आणि हात डोक्यावरून फिरवला. दुसऱ्यानं घेतलं आणि उचकी दिली. तिसरा थोडा वेळ आकाशाकडं पाहत राहिला. कुणी काही बोललं नाही. तीर्थ म्हटल्यावर बोलायचं कसं? एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "तेज हाये पाण्यात." शेजारी म्हणाला, "सात समुद्रापारची गंगा हाये बावा. येता येता लागलंच असन काही." अख्खा मांडव भक्तिभावानं तोंड वाकडं करून बसला होता.

मग पळी भागिरथाबाईच्या हातावर आली.

तिनं घेतलं. थांबली. तिच्या तोंडावर जे पसरलं, ते दोन वर्षांत त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"आनखी दे," ती म्हणाली.

"तीर्थ एकदाच घ्या लागते, अक्का."

"दे म्हणतो नं!" दुसरी पळी गेली. तिसरी तिनं स्वतःच घेतली आणि बोटं चाटली. "मीठ!" ती ओरडली. "अरे पुंजा, हे खारं हाये! चांगलं खारं हाये!"

मांडवात एकदम कुजबुज उठली. ज्याला त्याला वाटलं होतं की आपल्याच पापामुळं खारं लागतंय. आता दोनशे माणसं एकदम निष्पाप झाली. "हाव, खारंच हाये!" "मले तं पहिलेच समजलं." "मी तं म्हटलं, माह्या तोंडाले चव नाई."

प्रयागबाईनं डोळे उघडले. गडवा पाहिला. ओट्यावर आडवी पडलेली एक लिटरची रिकामी बाटली पाहिली.

पुंजाजीचा चेहरा उतरत चालला होता, पण माणूस पारावर चार महिने टिकलेला होता. तो खाकरला. "तठची गंगा खारीच असते," तो मोठ्यानं म्हणाला. "तेच तं तिचं महत्त्व हाये. विचारा हिले." आणि त्यानं प्रयागबाईकडं पाहिलं.

दोनशे माणसांनी प्रयागबाईकडं पाहिलं.

हाव म्हणणं सोपं होतं. हाव म्हटलं असतं तर रोडगे वाढले गेले असते, पुंजाजीची टोपी डोक्यावर राहिली असती, आणि प्रयागबाई मरेपर्यंत पुण्यवान झाली असती. पुण्यवान बाई पाण्यावर उताणी पडत नाही. ते तीन शब्द मग कुणाला सांगायचे? तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"गंगा गोडच असते," ती म्हणाली. "गंगा थ्या लाल दोऱ्याच्या बाटलीत हाये. हा समुद्र हाये. यायच्यासाठी आणला व्हता. हे म्हणत, समुद्र खारा नसते, लोक वाढवून सांगतेत."

सगळे आपापल्या ओल्या तळहाताकडं पाहायला लागले.

"म्हंजे," एकजण म्हणाला, "आमी समुद्र पेलो?"

"पळीभर."

"अन् तू समुद्रावर गेली व्हती?" भागिरथाबाई.

तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. ती वर्षाराणी, पलीकडच्या घरची नवीन सून. निकिताची शाळेतली मैत्रीण. निकिता रोज फोनवर फोटो टाकायची, आणि वर्षाराणी ते चार महिने पोटात धरून बसली होती. आता तिच्यानं राहवेना.

"मावशी, थो नाचाचा व्हिडिओ दाखवू का?"

"दाखवू नको," प्रयागबाई म्हणाली.

ते ऐकल्यावर बायका कशा थांबणार? फोनभोवती एवढी गर्दी झाली की मांडवाचा एक खांब तिरपा झाला. फोनमध्ये संध्याकाळ होती, जाळ होता, रंगीत घेराच्या घागऱ्यांमधे नऊवारीतली प्रयागबाई होती, आणि तिची कंबर अशी हलत होती की इंझोरीनं तसं काही कधी पाहिलं नव्हतं.

"या अल्ला," सुलतानबी म्हणाली. "देऊळ उघडं व्हतं म्हणे!"

"पाय काहून उचलत नाई वं?" भागिरथाबाईनं फोन हिसकावून डोळ्यांपाशी धरला.

"उचलाचेच नसतेत, अक्काजी. घासतच न्या लागते. गुडघ्याले काही होत नाई."

भागिरथाबाईनं फोन खाली केला. दोन वर्षांनी मीठ पोटात गेलेल्या बाईच्या अंगात काय येईल, सांगता येत नाही. "दाखव," ती म्हणाली.

डफडंवाले विस्तवापाशीच होते. प्रयागबाईनं त्यांना ठेका सांगितला. त्यांनी पहिल्यांदा चुकवला, दुसऱ्यांदा लग्नाचा वाजवला, तिसऱ्यांदा जमलं. मग हार गळ्यात तसाच ठेवून, अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर पाय घाशीत, तिनं दाखवला सेगा. मागं भागिरथाबाई, तिच्या मागं वर्षाराणी, आणि नळावरच्या साऱ्या शत्रुबायका. सुलतानबी बसल्या जागी बांगड्या वाजवत होती. रोडगे थोडे जळले, पण कुणी तक्रार केली नाही.

पुंजाजी मात्र त्यात नव्हता. त्यानं पंगती उठवल्या, लाल दोऱ्याच्या बाटलीतलं थेंब थेंब तीर्थ शेवटच्या पंगतीला दिलं, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता विडे वाटले. तिनं ताट वाढून ठेवलं, ते तसंच झाकलेलं राहिलं.

सकाळी चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "वावरात चाल."

हरभरा पिवळा पडायला आला होता. विहिरीपाशी तो थांबला. पाणी हिवाळ्यातल्यासारखं वर नव्हतं, पण पायऱ्या उतरून गेलं की हाताशी होतं.

"दोनशे माणसात पाडलं तू मले," तो म्हणाला.

"तुमी मले चार महिने पांढऱ्या लुगड्यात ठेवलं."

त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून ती एक लिटरची बाटली काढली. गडव्यात उरलेलं दोन बोटं पाणी त्यानं परत तिच्यात भरलं होतं. टोपण काढलं, घोट घेतला, आणि त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की प्रयागबाईला वाटलं, एवढ्यासाठी पाच हजार किलोमीटर बाटली वाहून आणली ते बरंच झालं.

"लोक वाढवून नाई सांगत," तो कसाबसा म्हणाला.

"नाई सांगत."

"अजून काय केलं तू तठी?"

आता वेळ होती. एवढे दिवस घोकलेले शब्द, आणि ऐन वेळी तिला लाज वाटली. नवरीसारखी लाज, अठ्ठावन्नाव्या वर्षी. "माती पाह्यली," ती म्हणाली. "सात रंगाची."

"पिकते काय तिच्यात?"

"काहीच नाई."

"मंग पाहाची कायले?" पुंजाजीनं मान हलवली, बाटली पायरीच्या कठड्यावर ठेवली, आणि घाटे भरले का ते पाहायला हरभऱ्यात शिरला.

प्रयागबाई थोडा वेळ उभी राहिली. मग चपला काढल्या आणि पायऱ्या उतरली. पाणी थंडगार होतं, आणि समुद्रासारखं उचलून घेणारं नव्हतं. हरीओमच्या इमारतीखालच्या पोहायच्या हौदात तिनं गोड्या पाण्यातही तरंगून पाहिलेलं होतं. त्यात थोडं अवघड जातं, पण जमतं. शेवटच्या पायरीला हात धरून ती मागं कलली, आणि हात सोडला. लुगडं फुगलं, कान पाण्याखाली गेले. वर विहिरीएवढं गोल आकाश होतं. काहीच करू नका, बहिणी. तिनं काहीच केलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. गोल आकाशाच्या कडेला एक टोपी आली. पुंजाजी बाटली न्यायला परतला होता. ती हातात धरून तो काठावर उभा राहिला, आणि तसाच उभा राहिला.

त्याचे ओठ हलले. तिला ऐकू आलं नाही. तिनं कान पाण्याबाहेर काढले.

"हे तं गोडं पाणी हाये," तो म्हणत होता. त्याचा आवाज विहिरीत येऊन बारीक झाला होता.

"हाव. खाऱ्यात याच्यापेक्षा सोपं जाते. तुमाले तं कायीच करा नाई लागत."

एक होला येऊन मोटेच्या जुन्या दगडावर बसला आणि उडून गेला.

"पासपोर्टच्या फोटोत टोपी चालते का?"

पुंजाजीची टोपी त्याच्या आईच्या दहाव्याला उतरली होती. त्यानंतर लोकांसमोर कधी नाही.

"नाई चालत," प्रयागबाई म्हणाली. "बोडकं लागते."

ती पाण्यावर पडून वाट पाहत राहिली. वरची टोपी हलेना. मग हलली, आणि डोक्यावरून उतरली.